गाडी शिकताना आधी नजर शिका : खेड्यातल्या नव्या चालकांसाठी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दारव्हा तालुक्यात राहते. वयाच्या ४१व्या वर्षी चारचाकी शिकले. सासऱ्यांना रात्री-अपरात्री यवतमाळच्या दवाखान्यात न्यावं लागायचं आणि दरवेळी गावात कुणाची गाडी मोकळी आहे, कोण चालवायला येतंय, याची शोधाशोध व्हायची. म्हणून आम्ही जुनी छोटी गाडी घेतली आणि मी क्लास लावला.

क्लासमध्ये क्लच, गिअर, हाफ क्लच, रिव्हर्स एवढं झालं. डोळे कुठे ठेवायचे आणि स्टेअरिंग कसं धरायचं, हे कुणी सांगितलं नाही. ते मला माझ्या दिरानं शिकवलं. तो वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतो आहे. आमच्या भागात गाडी शिकणाऱ्या बायका आणि तरुण पोरं आता पुष्कळ आहेत. त्यांना माझ्यासारखं चुकतमाकत शिकावं लागू नये म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

१. कागदपत्रं

ही पायरी सोपी आहे, तिला घाबरू नका. अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर करायचा. लागतं ते एवढं :

- आधार कार्ड (त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा)
- वयाचा पुरावा : शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला वगैरे. चारचाकीसाठी १८ वर्षं पूर्ण हवीत.
- पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- नमुना १ : तब्येतीबद्दल स्वतःचं घोषणापत्र
- नमुना १-अ : वय ४० च्या वर असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते आधारच्या मोबाइल नंबरावर. जुनं सिम बंद पडलेलं असतं, ओटीपी येत नाही आणि दोन चकरा वाया जातात. आधी तो नंबर बदलून घ्या, मगच अर्जाला बसा.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा आधारच्या आधारे घरूनही देता येते. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. "ताई, तुम्ही बसा, मी देतो तुमची परीक्षा" असं म्हणणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. त्या प्रश्नांमध्ये रस्त्यावरच्या खुणा असतात आणि त्या खुणा उद्या तुम्हालाच वाचायच्या आहेत.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. आरटीओचं शिबिर ठरलेल्या तारखांना तालुक्याच्या ठिकाणीही भरतं, त्यामुळे जिल्ह्याला जाण्याआधी तुमच्या जवळच्या शिबिराची तारीख विचारा. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा. शेताच्या कच्च्या वाटेवर, पांदणीत तर चालवतोय, कोण पाहतं, असं म्हणून पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात गाडी देऊ नका. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२. डोळे तपासा, अर्ज भरायच्या आधी

नमुना १ मध्ये एक प्रश्न असतो : दिवसाउजेडी २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? बहुतेक जण न वाचताच 'होय' लिहितात. तुम्ही खरंच करून पाहा. उभ्या गाडीपासून पस्तीसएक पावलं मोजून मागे जा, एक डोळा हातानं झाका आणि नंबर वाचा. मग दुसरा डोळा झाका.

मी हे केलं तेव्हा माझ्या डाव्या डोळ्याला ३ आणि ८ मधला फरक कळेना. फळ्यावर लिहिणारी बाई मी, वर्गात कधी अडचण आली नव्हती. कारण दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. दारव्ह्याला डोळे तपासून चष्मा केला आणि मग अर्ज भरला. गाडी चालवताना समोरची गोष्ट तीन सेकंद आधी ओळखू येते की एक सेकंद आधी, यावर फार काही अवलंबून असतं.

३. क्लास कसा निवडायचा

क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतात. ते असायलाच हवेत. पण यातच एक अडचण आहे, जी मला महिनाभर कळली नाही. मला वाटायचं, गाडी मीच थांबवते आहे. प्रत्यक्षात ब्रेक ते दाबत होते. घरच्या गाडीत पहिल्यांदा बसले तेव्हा माझा पाय ब्रेकवर किती उशिरा जातो हे लक्षात आलं.

म्हणून क्लासवाल्यांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगा. तुम्ही ब्रेक किंवा क्लच दाबला की तोंडानं सांगा. आणि शेवटचे तीन-चार दिवस पाय बाजूला ठेवा. गाडीत एका वेळी किती जण बसवतात, तेही विचारा. चौघांना एका तासात कोंबलं तर तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात.

क्लासशिवायचा सराव मोकळ्या जागी करा. सुटीच्या दिवशी बाजार समितीचं आवार किंवा गावाबाहेरचं मैदान चांगलं. शाळेचं पटांगण नको. तिथे पोरं कुठून धावत येतील याचा नेम नसतो.

४. गाडीभोवती एक फेरी

चावी लावायच्या आधी गाडीला एक पूर्ण फेरी मारा. दोन मिनिटं लागतात. आमच्याकडे उन्हाळ्यात गाडीखाली सावलीला कुत्रं, बकरीचं पिल्लू, कोंबड्या, कधी लेकरूही बसलेलं असतं. वाकून पाहायचं म्हणजे पाहायचंच.

टायरमधली हवा टायर थंड असताना पाहायची. किती हवा भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंक्चरवाला अंदाजानं ठोकून देईल तेवढी नाही. उन्हाळ्यात कमी भरावी, उन्हानं वाढते, असं आपल्याकडे अनेक जण सांगतात. ते ऐकू नका. कमी हवेचा टायर धावताना जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती सतत वाकत राहतात, त्यानं तो जास्त तापतो आणि फुटतो. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात तर हे आणखी लवकर होतं.

टायरच्या खाचा किमान १.६ मिमी खोल असाव्यात असा नियम आहे. खाचेत मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा.

मग सगळे दिवे, इंडिकेटर, मागचा ब्रेक लाइट पाहा. घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. समोरची काच आतून-बाहेरून पुसा. आतली काच लोक विसरतात आणि रात्री समोरून दिवा आला की त्याच धुरकट थरावर उजेड पसरतो.

५. बसायचं कसं

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण स्टेअरिंग नीट हाताळायची सुरुवात इथूनच होते.

सीट इतकी पुढे घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. मग पाठ टेकवून दोन्ही हात स्टेअरिंगच्या वर ठेवा. मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं आणि पाठ सुटायला नको. छाती आणि स्टेअरिंगमध्ये साधारण एक वीत आणि चार बोटं एवढं अंतर ठेवा. एअरबॅग फार वेगानं उघडते, चिकटून बसलेल्याला तिचाच मार लागतो. उंची कमी असेल तर सीट वर घ्या. वर होत नसेल तर घट्ट गादी ठेवा, मऊ उशी नको, ती ब्रेकच्या वेळी सरकते.

पट्टा पोटावरून नाही, कमरेच्या हाडावरून गेला पाहिजे. साडी नेसणाऱ्या बायकांनी पदर पट्ट्याच्या खाली सपाट घ्या, गुंडाळी करून नको. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा आहे. न लावल्यास १००० रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, मागचा माणूस धडकेत पुढच्या सीटवर येऊन आदळतो. आणि लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही, कितीही रडलं तरी.

पायात चप्पल नको. ती ब्रेकखाली अडकते. मी शाळेच्या पिशवीत साधे कॅनव्हासचे बूट ठेवते.

आरसे शेवटी. मधल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी. बाजूच्या आरशात आपल्या गाडीची अगदी बारीक पट्टी दिसावी आणि बाकी सगळा रस्ता. तरीही दोन्ही बाजूंना एक जागा अशी राहते जी कुठल्याच आरशात येत नाही. तिथे दुचाकी असते. बाजू बदलताना मान वळवून एक नजर टाकायचीच.

६. नजर

आता मुख्य गोष्ट. पहिले काही दिवस दीर शेजारी बसायचा. मी स्टेअरिंग घट्ट आवळून, बोनेटच्या दोन हात पुढे रस्त्याकडे पाहत गाडी हाकायचे. गाडी सारखी डावीकडे-उजवीकडे डुलायची. तो म्हणाला, "वहिनी, बोनेटाकडं काहून पाह्यता? थ्या लांबच्या चिंचेकडं पाहा ना. गाडी आपोआप सरळ जाते."

मी चिंचेकडे पाहिलं आणि खरंच गाडी सरळ झाली. माझे हात तेच होते.

याचं कारण असं. आपण जवळ पाहतो तेव्हा रस्त्याची कड भरभर सरकताना दिसते, गाडी एक वीत सरकली तरी मोठी चूक वाटते आणि आपण स्टेअरिंग ओढतो. ती दुरुस्ती जास्त होते, मग उलट बाजूला ओढतो. लांब पाहिलं की रस्त्याची दिशा कळते आणि हात त्या दिशेनं थोडे-थोडे फिरतात. हात नजरेच्या मागे जातात. खड्ड्याकडे टक लावून पाहिलं तर गाडी खड्ड्यातच जाते, म्हणून खड्डा दिसला की खड्ड्याच्या शेजारची चांगली जागा पाहायची.

लांब म्हणजे किती? बारा ते पंधरा सेकंदांनी आपण जिथे पोचणार, तिथवर. हे मोजायची सोपी सोय आपल्या रस्त्यांवर आहे. मोठ्या रस्त्याला किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये २, ४, ६, ८ असे आकडे लिहिलेले छोटे दगड असतात, दर २०० मीटरला एक. ताशी ५० च्या वेगानं एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत जायला चौदाएक सेकंद लागतात. म्हणजे पुढच्या छोट्या दगडापर्यंत नजर ठेवायची. वळणामुळे किंवा चढामुळे तेवढं दिसतच नसेल, तर वेग कमी करायचा.

पण नजर तिथे खिळवायची नाही. लांब पाहा, मग जवळ, मग डावा आरसा, पुन्हा लांब, मग मधला आरसा, पुन्हा लांब. दर दोनेक सेकंदांनी नजर हलली पाहिजे. मी सुरुवातीला हे मोठ्यानं बोलत चालवायचे : "समोर बंडी (बैलगाडी), उजवीकडे पांदण, मागे ट्रक, डावीकडे शाळकरी पोरं, सायकल." शेजारी बसणाऱ्याला विचित्र वाटतं, वाटू द्या. आठ दिवसांत डोळे आपोआप शोधायला लागतात.

काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत गाडीचे जे खांब असतात, त्यांच्या आड एक अख्खी मोटारसायकल मावते. फाट्यावर वळताना मान थोडी पुढे-मागे करून खांबाच्या पलीकडे पाहा. चाचणीत हे कुणी विचारत नाही, पण आपल्याकडे पांदणीतून दुचाकी सरळ डांबरी रस्त्यावर येतात.

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं, तेही नजरेनंच मोजता येतं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हणा. तीन पूर्ण व्हायच्या आधी तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात हे अंतर दुप्पट करा. ताशी ६० वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक-दीड सेकंद निघून जातो, म्हणजे १७ ते २५ मीटर अंतर आपण काही न करताच कापतो. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर त्याच्या वर. आणि वेग दुप्पट झाला की ते अंतर चौपट होतं.

उन्हाचंही सांगते. दारव्ह्याहून यवतमाळला सकाळी जाताना सूर्य समोर असतो, आणि संध्याकाळी परत येताना पुन्हा समोरच. ज्यांचा रोजचा रस्ता असा पूर्व-पश्चिम आहे त्यांनी काच रोज पुसा आणि तिरीप डोळ्यांवर आली की वेग लगेच कमी करा. आपल्याला जसं दिसत नाही, तसंच मागून येणाऱ्यालाही दिसत नसतं.

७. स्टेअरिंग

घड्याळात पावणेतीन वाजतात तेव्हा काटे जिथे असतात, तिथे दोन्ही हात. जुने लोक दहा वाजून दहा मिनिटं सांगतात. ते एअरबॅग नसलेल्या गाड्यांच्या काळातलं. पकड कोंबडीचं अंडं धरल्यासारखी, सैल पण सुटणार नाही अशी. माझे तळहात पहिल्या आठवड्यात दुखायचे. दीर म्हणायचा, "येवढं काहून आवळता, स्टेरिंग पळून नाई जात." आवळल्यानं खांदे ताठ होतात आणि मग प्रत्येक खड्ड्याचा हिसका हातातून चाकात जातो.

वळताना एक हात ओढतो, दुसरा ढकलतो. उजवीकडे वळायचं तर उजवा हात वरून खाली ओढतो, डावा खालून वर ढकलतो. हात स्टेअरिंगच्या आतून उलटा घालून फिरवायची सवय लावू नका. पुढचं चाक दगडावर आपटलं तर हिसक्यानं मनगट मुरगळतं. वळण संपलं की स्टेअरिंग हातांतून सरकू द्या, पण सोडू नका. आणि वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा. वळणात ब्रेक मारून नाही.

आता साइडपट्टी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

पक्कं लायसन्स मिळून महिना झाला होता. पावसाळा संपत आलेला. शाळेतून परत येत होते. समोरून एसटी आली, रस्ता अरुंद, मी साइड द्यायला डावीकडे घेतलं आणि डावी दोन्ही चाकं डांबरावरून खाली उतरली. पावसानं साइडपट्टीची माती वाहून गेलेली, डांबराची कड चांगली वीतभर उंच. धाडकन आवाज आला. मी घाबरून स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. गाडी वर येईना, चाक कडेला घासत राहिलं. मी आणखी ओढलं. आणि मग ते चाक एकदम वर चढलं आणि गाडी तीरासारखी रस्ता ओलांडून उजवीकडे सुटली. मी तितक्याच जोरानं डावीकडे ओढलं. गाडी फिरून डावीकडच्या तुरीच्या वावरात जाऊन थांबली. एसटी तेवढ्यात पुढे निघून गेली होती. समोरून दुसरं काही येत नव्हतं, म्हणून आज हे लिहिते आहे.

दिरानं दुसऱ्या दिवशी मला त्याच जागी नेलं. चाक आणि कडेतला फरक हातानं दाखवला. चाकाची बाजू कडेला घासते तेव्हा ते चढत नाही, आपण स्टेअरिंग वाढवत जातो. ज्या क्षणी चाक चढतं, त्या क्षणी ते आधीच खूप वळलेलं असतं. म्हणून गाडी सुटते. मग पुढच्या अर्ध्या तासात त्यानं ताशी १५ च्या वेगानं मला मुद्दाम दहा वेळा चाकं खाली उतरवायला आणि वर आणायला लावली. तुम्हीही हे नक्की करा, रिकाम्या रस्त्यावर, शेजारी जाणता माणूस घेऊन :

- चाकं उतरली की स्टेअरिंग सरळ धरा. खालीच चालू द्या.
- रेसवरचा पाय काढा. ब्रेक जोरात मारू नका. दोन चाकं डांबरावर आणि दोन मातीवर असताना जोरात ब्रेक मारला की गाडी डांबराच्या बाजूला फिरते.
- नजर समोरच्या रस्त्यावर. नालीकडे, झाडाकडे नाही.
- वेग माणसाच्या चालीइतका झाला की आरसा पाहा, कड कमी उंचीची जागा शोधा आणि तिथून हळूच वर या.
- वर आल्या आल्या स्टेअरिंग सरळ.

समोरून एसटी किंवा ट्रक येतो तेव्हा अरुंद रस्त्यावर मी आता आधीच वेग इतका कमी करते की चाकं उतरली तरी काही बिघडत नाही. ट्रॅक्टरची चाकं वावरातली काळी माती रस्त्यावर आणतात. पाऊस पडला की ती साबणासारखी होते. तिथे मागचं टोक घसरलं तर पाय रेसवरून काढा, ब्रेकला हात-पाय लावू नका, जिकडे जायचं तिकडे पाहा आणि स्टेअरिंग अलगद तिकडेच फिरवा. नव्या गाड्यांमध्ये एबीएस असतं. जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर झाली तर घाबरून पाय उचलू नका, ती यंत्रणा काम करते आहे. चाकं त्यामुळे जाम होत नाहीत आणि दाबलेल्या ब्रेकवरही स्टेअरिंग ऐकतं.

आणखी एक सवय मोडायला हवी. घाटात उतारावर पेट्रोल वाचवायला काही जण इंजिन बंद करतात. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. चावी पूर्ण काढली तर स्टेअरिंग लॉकही होऊ शकतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

८. आपल्या रस्त्यांवरच्या गोष्टी

*बंडी.* मागून बंडीला ना दिवा, ना काही. समोरून येणाऱ्या बैलांचे डोळे निदान चमकतात, पाठमोऱ्या बंडीचं तेही नाही. बैलांच्या अगदी जवळ जाऊन हॉर्न वाजवू नका, ते बुजतात. आणि तुमच्या घरी बंडी असेल तर आजच मागच्या फळीला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा.

*कापसाची ट्रॉली.* दिवाळीनंतर जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी फुगलेल्या असतात. ट्रॅक्टरवाल्याला मागचं काहीच दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात हॉर्नही ऐकू येत नाही. ओलांडायच्या आधी पुढे उजव्या हाताला पांदण किंवा वावराची वाट आहे का पाहा. असेल तर थांबा. तो इंडिकेटर न देता तिकडे वळू शकतो.

*रस्त्यावरचं सोयाबीन.* काढणीच्या दिवसांत कुटार आणि शेंगा डांबरावर पसरतात. त्यावर ब्रेक लागत नाही. वाळलेलं कुटार गाडीखाली गुंडाळून तापलेल्या सायलेन्सरला लागलं तर पेट घेतं. याहून वाईट म्हणजे कडेनं लावलेले गोटे. माल उचलला तरी गोटे तिथेच राहतात आणि रात्री चाकाखाली येतात. आपण शेतकरी आहोत, वाळवायला जागा नसते हे मला माहीत आहे. निदान गोटे तरी उचला.

*रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर.* एक आडवं गेलं म्हणजे संपलं नाही, मागून आणखी येतात. जनावर समोर आलं तर सरळ रेषेत ब्रेक दाबा. जोरात स्टेअरिंग मारून चुकवायला गेलं की गाडी झाडावर जाते किंवा उलटते.

*रपटा.* म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहत्या पाण्यातही छोटी गाडी तरंगायला लागते. शिवाय खालचा रस्ता शाबूत आहे की खचला आहे, हे गढूळ पाण्यातून कळत नाही. समोरून ट्रक निघाला म्हणून आपण निघायचं नाही. ट्रकचं वजन वेगळं.

*समृद्धी महामार्ग.* वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा अशा आपल्या भागातून तो जातो म्हणून नवे चालक लवकर तिकडे वळतात. पहिले सहा महिने थांबा. कारला तिथे ताशी १२० ची मर्यादा आहे, रस्ता सरळ आणि एकसारखा आहे. डोळे उघडे असतात पण पाहत नाहीत, अशी अवस्था तिथे लवकर येते. जाल तेव्हा टायर चांगले असू द्या आणि तासा-दीड तासानं उतरून चाला.

९. रात्र

पहिले दोन महिने रात्री चालवू नका. नाइलाज असेल तर वेग दिव्यांच्या उजेडाइतका ठेवा. डिप्परवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली असताना, साधारण ४०-५० मीटर दिसतं. ताशी ६० वेगाला गाडी पूर्ण थांबायला कोरड्या रस्त्यावरही जवळपास तेवढंच लागतं. म्हणजे उजेडात बंडी दिसली तेव्हा फार उशीर झालेला असतो. गावच्या रस्त्यावर रात्री ४० च्या वर मी जात नाही.

समोरून कुणी अप्परवर आला तर त्याच्या दिव्याकडे पाहू नका. नजर आपल्या बाजूच्या डाव्या कडेवर, पांढऱ्या पट्टीवर ठेवा, पट्टी नसेल तर डांबर-मातीच्या रेषेवर. तुम्ही अप्पर ठेवून त्याला उत्तर देऊ नका. त्याला दिसेनासं झालं तर तो तुमच्याच अंगावर येईल. तो निघून गेल्यावरही डोळे सावरायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ वेग वाढवू नका.

१०. डिकीत काय ठेवायचं

- स्टेपनी, जॅक, पाना. स्टेपनीतली हवाही महिन्यातून एकदा तपासा.
- लाल परावर्तक त्रिकोण. गाडी बंद पडली तर मागे पन्नासएक पावलांवर ठेवा.
- टॉर्च, प्रथमोपचार पेटी, पाण्याचा कॅन
- काच पुसायला स्वच्छ सुती कापड
- आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स. डिजीलॉकरमध्ये ठेवलेली प्रतही चालते, पण मोबाइल चार्ज असू द्या.

रस्त्यावर कुणाचा अपघात दिसला तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करा, पोलिसांसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमीला मदत करणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही, हे कायद्यातच आहे. त्या भीतीनं पुढे निघून जाऊ नका.

जॅक लावायचा सराव मात्र घरी, दिवसा, सपाट जागेवर करून ठेवा. मी अंगणात तीनदा चाक काढून पुन्हा बसवलं. नट आधी जमिनीवर चाक असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा. उलट केलं तर चाक नुसतं गरगर फिरतं आणि नट सुटत नाही.